मदत हवी आहे : एकाच आयपी पत्त्यामागचे सर्व्हर कुठल्या शहरांत आहेत, हे कसे ठरवावे?

नमस्कार.

८.८.८.८ (गूगल) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअर) हे डीएनएसचे, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे, पत्ते एनिकास्ट पद्धतीने चालतात, म्हणजे जगभरातले अनेक सर्व्हर बीजीपीवर (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीवर) तोच पत्ता जाहीर करतात आणि आपली विनंती त्यांतल्या कोणाकडे जाणार हे मधल्या नेटवर्कांच्या राउटिंगवर ठरते. अशा पत्त्यामागची ठिकाणे बाहेरून मोजून शोधण्याचे काम मी करत आहे आणि त्यात एका जागी अडलो आहे.

आयपीवरून ठिकाण सांगणारे डेटाबेस इथे कुचकामी ठरतात, कारण ते एका पत्त्याला बहुधा एकच ठिकाण जोडतात. ८.८.८.८ तिथे अमेरिकेत दिसतो, पण पुण्याहून पिंग केल्यास (छोटा संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजल्यास) ५ मिलिसेकंदांत उत्तर येते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे जाऊन-येऊन लागलेल्या दर मिलिसेकंदाला अंतर फार तर १०० किलोमीटर धरता येते. म्हणजे उत्तर देणारा सर्व्हर पुण्यापासून ५०० किलोमीटरच्या आतच असणार, कारण कॅलिफोर्नियाहून उत्तर यायला शंभराहून अधिक मिलिसेकंद लागलेच असते. राइप अ‍ॅटलसच्या (इंटरनेटच्या मोजमापाचे जागतिक जाळे) निरनिराळ्या देशांतल्या प्रोबवरून (मोजणी-उपकरणांवरून) मी अशीच वर्तुळे काढतो. पुण्याचे आणि फ्रँकफर्टचे वर्तुळ एकमेकांना शिवत नसेल, तर सर्व्हर किमान दोन आहेत, हे निर्विवाद.

खरी अडचण शहर ठरवताना येते. त्या ५०० किलोमीटरांत मुंबई, नाशिक, सोलापूर सगळेच बसते. वर्तुळातले सर्वाधिक लोकसंख्येचे शहर निवडण्याची रीत संशोधनात वापरली जाते, पण तो अंदाजच असतो आणि पुरावा म्हणून मला तो अपुरा वाटतो. रूट सर्व्हरचे (डीएनएसच्या सर्वांत वरच्या पातळीच्या सर्व्हरचे) काम त्या मानाने सोपे आहे : केऑस वर्गात (सर्व्हरची स्वतःची माहिती विचारण्याच्या डीएनएस प्रकारात) ‘होस्टनेम.बाइंड’ची टीएक्सटी (मजकुराची) क्वेरी केली की पुष्कळदा उत्तरातच विमानतळाचा कोड मिळतो, जसे मुंबईसाठी बीओएम. डीएनएसखेरीज इतर सेवांना मात्र ही सोय नाही.

अशा वेळी ट्रेसरूटमधल्या (वाटेवरचे राउटर दाखवणाऱ्या साधनातल्या) शेवटच्या राउटरच्या नावातला शहराचा कोड कितपत ग्राह्य धरावा? तिथे एखाद्या इंटरनेट एक्स्चेंजचा (अनेक नेटवर्के एकमेकांना जोडण्याच्या जागेचा) पत्ता दिसला, तरी दूरच्या शहरातून जोडलेले नेटवर्क कसे ओळखावे? शिवाय एका सेवादात्याची विनंती मुंबईला न जाता सिंगापूरला जात असल्यास, मुंबईत सर्व्हरच नाही की फक्त त्या सेवादात्याला तो मार्ग मिळत नाही, हे वेगळे कसे काढावे? मोजमापाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.