मदत हवी आहे: ख्रिस्ती होमस्कूलिंगसाठी तयार संच घ्यावा की विषयवार अभ्यासक्रम जुळवावा?

सर्वांना नमस्कार.

पुढील शैक्षणिक वर्षापासून आमच्या ११, ८ आणि ५ वर्षांच्या तीन मुलांना घरीच शिकवायचे आम्ही ठरवले आहे. कायदा, नोंदणी आणि पुढे बाहेरून द्यावयाच्या परीक्षा यांची माहिती आम्ही घेतलेली आहे, त्यामुळे तो या धाग्याचा विषय नाही. घोडे अडले आहे ते अभ्यासक्रमापाशी.

विश्वासाचे शिक्षण केवळ बायबलच्या तासापुरते उरू नये, अशी आमची इच्छा आहे. मात्र मुखपृष्ठावर 'ख्रिस्ती' असे छापले की पुस्तक चांगले, असेही आम्ही मानत नाही. नमुना म्हणून चाळलेल्या एका गणिताच्या पुस्तकात पानाच्या वरच्या कोपऱ्यात बायबलमधील नीतिसूत्रांतील वचन होते आणि त्याखाली हातच्याच्या वजाबाकीची ओळीने उदाहरणे होती. हातचा का घ्यावा लागतो, हे मात्र मागच्या-पुढच्या पानांवर कुठेच सांगितलेले नव्हते.

अबेका या अमेरिकी ख्रिस्ती प्रकाशकाच्या संचासारख्या तयार संचात सर्व विषय, शिक्षकासाठी रोजचे नियोजन आणि चाचण्या एकत्र मिळतात, पण तीन मुले म्हणजे तीन इयत्तांचे तीन संच आणि एकाच सकाळी तीन निरनिराळे इतिहास. ए.सी.ई. (अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) या ख्रिस्ती पद्धतीत प्रत्येक विषयाच्या वर्षाला १२ पुस्तिका असतात आणि मूल स्वतः वाचून, उत्तरपत्रिकेवरून स्वतःच तपासून पुढे सरकते. पालकांचा भार त्यामुळे हलका होतो हे खरे, पण आमचा मधला मुलगा बोलल्याशिवाय काहीच शिकत नाही, आणि रिकाम्या जागा भरण्यात त्याचे मन रमेल असे वाटत नाही. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या विचारांवर उभा असलेला अ‍ॅम्बलसाइड ऑनलाइन हा अभ्यासक्रम विनामूल्य आहे. त्यातील छोटे पाठ आणि ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगण्याची रीत त्याला नक्की मानवेल. परंतु त्यातील बरीच पुस्तके जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत, आणि आमच्या घरची भाषा इंग्रजी नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. अबेका आणि अपोलोजिया या दोन्ही ख्रिस्ती प्रकाशकांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानलेले आहे. थोरल्या मुलीला पुढे सर्वसाधारण परीक्षा द्यायच्या असल्याने उत्क्रांती तिने केवळ खोडून काढण्यापुरती शिकावी, हे आम्हाला पटत नाही. शिवाय मी कॅथलिक घरातली असून यजमान प्रोटेस्टंट आहेत. अशा घराने बायबलचा अभ्यासक्रम कोणता निवडावा? ज्यांनी प्रत्यक्ष एकाहून अधिक मुलांना शिकवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, आपण 'कोणता संच' असे विचारण्याऐवजी 'कोणते विषय एकत्र बसून शिकता येतील' येथून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. बायबल, इतिहास, मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तके आणि लहान वयातील विज्ञान यांना इयत्तेची फारशी गरज नसते. एकच प्रकरण तिघांनी ऐकावे. धाकट्याने चित्र काढावे, मधल्याने तोंडी सांगावे आणि थोरलीने पानभर लिहावे. सोनलाइट हा ख्रिस्ती अभ्यासक्रम १९९० पासून अशाच वाचनकेंद्री पद्धतीने चालते आणि त्याच्या मार्गदर्शिकेत आठवड्याचे वेळापत्रक आखून दिलेले असते. जुन्या इंग्रजीची भीती असेल तर मेसन यांची रीत ठेवून पुस्तके आपल्या भाषेतील घ्यावीत, कारण परत सांगणे कोणत्याही चांगल्या पुस्तकावरून साधते.

गणित आणि भाषा मात्र प्रत्येकाच्या पातळीप्रमाणेच हवी. सॅक्सन या गणिताच्या पुस्तकमालेत रोज थोडे नवे आणि मागील सर्व पाठांची मिसळून उजळणी असते. मॅथ-यू-सी या दुसऱ्या गणितमालेत वर्षभर मुख्यतः एकाच क्रियेवर भर असतो आणि ती रंगीत ठोकळ्यांनी हाताळून समजावलेली असते. आपल्या मधल्या मुलाचे वर्णन वाचता मला दुसरे अधिक योग्य वाटते. या दोन्हींत धार्मिक मजकूर जवळजवळ नाही, आणि त्यात मला उणीव वाटत नाही. काहीही विकत घेण्यापूर्वी प्रकाशकाची पातळी-चाचणी अवश्य सोडवून घ्यावी, कारण वयावरून ठरवलेली इयत्ता बऱ्याचदा चुकते.

विज्ञानाबाबत माझे मत स्पष्ट आहे. थोरलीने ज्या परीक्षेस बसायचे आहे, त्याच परीक्षेचे जीवशास्त्राचे पुस्तक वापरावे आणि सृष्टीविषयीच्या आपल्या श्रद्धेची चर्चा जेवणाच्या टेबलावर मोकळेपणाने करावी. धाकट्या दोघांना निरीक्षणाची एक वही पुरेशी आहे.

बायबलच्या बाबतीत विकतच्या पुस्तिकांकडे जरा जपून पाहावे. दहा आज्ञांचा क्रम सर्वत्र सारखा नाही: कॅथलिक आणि लुथरन गणनेत चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्याची आहे, तर इतर बहुतेक प्रोटेस्टंट गणनेत ती शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीचा दिवस पवित्र पाळण्याची आहे. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलात ६६. अशा ठिकाणी चाचणीत मुलाचे गुण कापले जातात आणि आजीने शिकवलेले चूक होते, असा त्याचा समज होतो. त्यामुळे पहिले वर्ष लूकच्या शुभवर्तमानासारखे दोन्ही परंपरांना समान असलेले पुस्तक थेट वाचावे आणि पाठांतर घरच्या भाषेतील बायबलमधूनच करावे. प्रश्नोत्तरी (श्रद्धेची शिकवण प्रश्नोत्तरांतून देणारी पुस्तिका) कोणती घ्यायची, हे आपण दोघांनी पाळक आणि फादर या दोघांशीही बोलून नंतर ठरवलेले बरे.

प्रतिसाद २

वरील बहुतेक मुद्दे मान्य असले, तरी एक भर घालतो. विषयवार जुळवणी करण्यात पालकांच्या संध्याकाळी खर्ची पडतात, हे कोणी आधी सांगत नाही. निदान थोरलीच्या भाषेसाठी आणि गणितासाठी रोजचे नियोजन तयार असलेले पुस्तक घ्यावे, म्हणजे ती स्वतःच्या बळावर बसू शकेल आणि आपला वेळ धाकट्या दोघांना देता येईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बायबल, इतिहास आणि वाचन एकत्र, तर गणित स्वतंत्र, अशी आखणी आम्ही करून पाहतो. आज्ञांच्या क्रमाचा मुद्दा तर आमच्या लक्षातच आला नसता. एकच शंका उरते: पातळी-चाचणीत मधला मुलगा दोन पायऱ्या खाली आला आणि धाकट्याच्या बरोबरीने बेरजेपासून सुरुवात करावी लागली, तर दोघांना एकाच पुस्तकावर बसवावे, की त्याचा मान राखण्यासाठी वेळ वेगळी ठेवावी?