पियानो बार: पहिल्या रात्री कुठे बसावे?
पहिल्यांदाच पियानो बारमध्ये, म्हणजे जिथे वादक पियानोवर श्रोत्यांसाठी गाणी वाजवतो अशा मद्यालयात, जाणाऱ्याने संकोच टाळण्यासाठी मागचे टेबल धरावे, या सल्ल्याशी मी सहमत नाही. जिथे दोन पियानो समोरासमोर मांडून दोन वादक आळीपाळीने, कधी एकमेकांवर कुरघोडी करत, श्रोत्यांच्या फर्माइशी वाजवतात (अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातला पॅट ओब्रायन्स हा बार या प्रकारासाठी विशेष प्रसिद्ध आहे), तिथे निम्मा कार्यक्रम प्रेक्षकांच्या गळ्यातूनच उभा राहतो आणि मागे बसलेल्याच्या वाट्याला केवळ गोंगाट येतो. फर्माईश बहुधा चिठ्ठीवर लिहून बक्षिसीच्या नोटेसह पियानोवर ठेवायची असते. रक्कम मोठी असली की चिठ्ठी वर सरकते, आणि कोणी अधिक पैसे ठेवून आपले गाणे मध्येच बंद पाडले तरी त्यात अपमान मानू नये, तो खेळाचाच भाग असतो. वादक एका हाताने ठेका धरून दुसऱ्या हाताने चिठ्ठ्या चाळतो, तेव्हा त्याची नजर कागदापेक्षा गर्दीवरच अधिक असते, हे पुढे बसल्यावरच दिसते. त्यामुळे संथ, अपरिचित गाणे ऐन रंगात आलेल्या वेळी मागू नये. वाढदिवस असल्याचे सोबत्यांनी कळवले, तर मंचावर बोलावून यथेच्छ थट्टा होऊ शकते. ज्यांना ते रुचत नाही, त्यांनी मित्रांना आधीच तंबी द्यावी.