धुतलेल्या कोळशाची स्लरी अधिक दाट का झाली?

प्रश्न
इंधन म्हणून फवारण्यासाठी मी कोळशाची पूड आणि पाणी यांचे दाट मिश्रण, म्हणजे स्लरी, करतो. सुमारे 35 टक्के राखेचा चंद्रपूरकडचा कोळसा बारीक दळून, फ्रॉथ फ्लोटेशनने (तेल आणि हवेच्या फेसावर कोळशाचे कण तरंगवून खनिजे वेगळी करण्याच्या पद्धतीने) मी त्याची राख 15 टक्क्यांवर आणली. राख गेली की स्लरी पातळ होईल, अशी माझी अपेक्षा होती. परंतु डिस्पर्संट (कण एकमेकांना चिकटू न देणारे रसायन) तोच आणि कोळसा वजनाने 65 टक्केच ठेवूनही ती दाट झाली आणि नॉझलमधून फवाऱ्याऐवजी जाड धारा पडू लागल्या. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1
आपण तुलना वजनावर केली, तेथे घोटाळा झाला. स्लरीचा प्रवाह घन कणांनी व्यापलेल्या आकारमानावर ठरतो. खनिजांची (ज्यांची राख होते त्या भागाची) घनता 2.6 आणि ज्वलनशील भागाची 1.3 धरली, तर मूळ स्लरीत कणांनी सुमारे 54 टक्के जागा व्यापली होती, धुतल्यावर ती 57 टक्के झाली. आणि कण एकमेकांना भिडण्याच्या बेतात असताना एवढी वाढही विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध, म्हणजे दाटपणा) झपाट्याने चढवते. कोळसा 62 टक्क्यांवर आणा, म्हणजे आकारमान पुन्हा 54 टक्क्यांवर येईल. तरीही शंभर किलो स्लरीत ज्वलनशील भाग पूर्वीच्या 42 किलोंऐवजी जवळजवळ 53 किलो असेल. कोळसा धुण्याचा खरा लाभ हाच आहे, तो कृपया सोडू नका.

प्रतिसाद 2
वरील हिशेब पटला, पण फवाऱ्यासाठी तेवढा पुरणार नाही. प्रयोगशाळेत विष्यंदिता बहुधा सेकंदाला 100 एवढ्या शिअर रेटला (द्रवाचे थर एकमेकांवरून घसरण्याच्या दराला) मोजतात. नॉझलच्या छिद्रात तो दर हजारोंच्या घरात जातो आणि तेथे दाट स्लरी पातळ होण्याऐवजी आणखी घट्ट होऊ शकते. म्हणून केशनलिकेच्या व्हिस्कोमीटरने (बारीक नळीतून द्रव ढकलून विष्यंदिता मोजणाऱ्या उपकरणाने) अधिक दरावर मोजून पाहावे. फ्लोटेशनचे तेल कणांवर उरले असल्यास कणांचे गोळे होतात, तेही तपासावे. चिकणमातीची खनिजे गेल्यामुळे डिस्पर्संट कमी लागू शकतो, मात्र तीच खनिजे कणांना तळाशी बसू देत नव्हती. तेव्हा साठवणीसाठी थोडा झँथन गम (कण तरंगत ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) घालावा लागेल.

नॉझलची झीज हा वेगळाच विषय आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने रेल्वेचे डिझेल इंजिन कोळसा-पाण्याच्या स्लरीवर चालवले, तेव्हा चांगला स्वच्छ केलेला कोळसा असूनही नॉझलच्या टोकांना हिरा वापरावा लागला.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कोळसा 62 टक्के ठेवून, तेल उरले आहे का ते आधी पाहतो आणि मोजमापे येथेच कळवतो.