डिश (कारखान्यांची सुरक्षा तपासणारं राज्य सरकारचं खातं) बंद करा म्हणणाऱ्या काजूवाल्यांना उत्तर

काजूवाला_लांजा (कालची पोस्ट): अमेरिकेत अँडी बिग्ज या खासदाराने ओशाच (तिथलं कामगार-सुरक्षेचं सरकारी खातं) गुंडाळा म्हणून विधेयक मांडलं, २०२१ ला आणि पुन्हा २०२५ ला. आपणही डिश बंद करावी. सुरक्षा मालक बघेल, नाही बघितली तर कोर्ट आहे, विमा आहे. साहेब मशीन बघायला येतच नाही. येतो पाकिटासाठी, जाताना वर दोन किलो काजूगर.

जुना_फिटर: वाचून डोकं फिरलं म्हणून लांब लिहितोय. ओशाचा कायदा १९७० चा, सही राष्ट्राध्यक्ष निक्सनची. तो काही लाल बावट्यावाला नव्हता. आणि विधेयक दोनदा मांडलं म्हणता, तर पास किती वेळा झालं तेही लिहा की.

मी लोट्याला, रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी केली. कंपनीचं नाव घेत नाही. सांडपाण्याची टाकी साफ करायला ठेकेदाराचा पोरगा उतरला, खाली बसला तो उठलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की कुजक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. तेव्हाच्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ३६ काय सांगायचं? आत गॅस नाही असं जाणकाराने लेखी द्यायचं. नाहीतर तोंडाला श्वसनाचं उपकरण, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. दोर स्टोअरमध्ये होता. नवाकोरा, वेटोळं घालून ठेवलेला.

आणि कोर्ट? भोपाळ १९८४, तडजोड १९८९, ४७ कोटी डॉलर. फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक कारखान्यांची कलमंसुद्धा १९८७ ला आली, म्हणजे माणसं मेल्यावरच.

काजूवाला_लांजा: भोपाळ काढलं की समोरच्याने गप्प बसायचं! माझ्याकडे चौदा बायका काजू सोलतात. रासायनिक कारखाना आणि माझी पत्र्याची शेड एका तागडीत कशी? टाकीला दोर हवा, मान्य. पण रजिस्टरं भरायला मी वेगळा माणूस ठेवायचा?

सोलणारीची_लेक: माझी आई सोलायला जायची. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघायची, मग हाताला राख चोळून बसायची. मोजे मागितले तर मालक म्हणायचा, मोज्याने गर तुटतो. आणि केंद्राच्या नव्या कामगार संहितेत विजेवरच्या कारखान्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेलीय. चौदात तुम्ही कारखाना तरी ठरता का? रडता कशाला?

मिरकरवाडा_भाई: निरीक्षक नसलेली जागा बघायचीय ना, मग बोटीवर या. जाळं ओढायच्या विंचमध्ये खलाशाचं बोट गेलं की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, हळद दाबतो आणि जाळं ओढणं चालूच. पण आता ओढायला तरी काय राहिलंय? दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या एलईडीवाल्यांनी पिल्लंसुद्धा ठेवली नाहीत.

देवगडकर: एकट्या एलईडीवाल्यांका कित्याक? पर्ससीनच्या घेरजाळ्यावाले काय साधुसंत?

मिरकरवाडा_भाई: पर्ससीनला २०१६ ला लगाम घातलाय. एलईडीवर २०१७ पासून केंद्राची बंदी, तरी रात्री बाहेर दिवाळी असते. तुमच्या बंदरातले दिवे आधी मोजा.

देवगडकर: आमच्या बंदराचा नाव घेव नको हां!

काजूवाला_लांजा: बघा! बंदी आहे, अधिकारी आहेत, गस्तीनौका आहे, तरी दिवे पेटतातच. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

जुना_फिटर: काय सिद्ध झालं? महाडला नोव्हेंबर २०२३ मध्ये औषध कंपनीत ११ माणसं गेली. तिथे तपासणी जास्त हवी होती की कमी, सांगा. पाकिटाचं खोटं म्हणत नाही, आमच्या गेटवरूनही साहेबाची डिकी भरूनच जायची. मग घेणाऱ्याला धरा ना.

काजूवाला_लांजा: धरून द्या, मी हार घालतो. मोजेही आणतो, खूश? रजिस्टरं मात्र भरणार नाही.

सोलणारीची_लेक: बायकांच्या मापाचे आणा. पुरुषी मोज्यांनी खरंच गर तुटतो.

देवगडकर: पर्ससीनचा उत्तर अजून येवक नाय.

जुना_फिटर: अहो, मासळीचा वेगळा धागा काढा की!

मिरकरवाडा_भाई: काढला होता. तिथे कुणी फिरकलं नाही.