मदत हवी आहे: पहिला गेमिंग पीसी, बजेट ८५ हजार, कोटेशन तपासून द्याल का? (ठाणे)

मानपाडा_नाका

नमस्कार मंडळी. सुटे भाग आणून घरीच पीसी जोडायचा आहे, पहिलाच. बजेट मॉनिटर धरून ८५ हजार. कीबोर्ड, माउस आहेत. व्हॅलोरंट रोज, सुट्टीच्या दिवशी सायबरपंक २०७७ आणि फोर्झा होरायझन ५, अधूनमधून ब्लेंडर. खोलीत एसी नाही, टेबल खिडकीला लागून आहे.

दुकानातून मिळालेलं कोटेशन:

रायझन ७ ५७००जी
ए५२० मदरबोर्ड
१६ जीबी डीडीआर ४, एकच स्टिक
आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी
५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी
कॅबिनेट, ५०० वॉट एसएमपीएससह (पॉवर सप्लाय)
२४ इंची मॉनिटर, ७५ हर्ट्झ

यात काय बदलू? लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊ की ऑनलाइन मागवू? आणि जोडताना नवखा माणूस कुठे अडतो? जाणकारांनी सांगावं.

वागळे_इस्टेट

आधी प्रोसेसर बदला. ८ कोर आहेत म्हणून ५७००जी भारी वाटतो, पण तो मुळात ग्राफिक्स कार्डाशिवाय चालणाऱ्या पीसीसाठी बनवलाय. चिपमधली बरीच जागा ग्राफिक्सनं घेतल्यामुळे त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) १६ एमबीच आहे. ६ कोरच्या साध्या रायझन ५ ५६०० ला ३२ एमबी मिळते, आणि गेममध्ये जास्तीच्या दोन कोरांपेक्षा ही कॅश कामी येते. तुम्ही कार्ड घेणारच आहात, मग ५७००जीच्या आतल्या ग्राफिक्सचे पैसे वायाच.

दुसरी भानगड जास्त छुपी आहे. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली डेटाची वाट. ५७००जी पीसीआयई ३.० वर थांबतो, ए५२० बोर्डही ३.० चाच. आरटीएक्स ४०६० ला लेन (त्या वाटेच्या मार्गिका) मुळात ८. पीसीआयई ४.० वर त्या ८ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी डेटा जातो, ३.० वर तोच ८ जीबीच्या आसपास येतो. व्हॅलोरंटमध्ये हा फरक जाणवणार नाही. सायबरपंकमध्ये टेक्स्चर हाय ठेवून रे ट्रेसिंग लावलं, की कार्डाची ८ जीबी मेमरी भरते. उरलेला डेटा मग रॅममधून त्या अर्ध्या झालेल्या वाटेनं ये-जा करतो आणि गेम क्षणभर अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) चांगलाच दिसत असतो, त्यामुळे लोक ड्रायव्हर बदलत बसतात आणि कारण हाती लागत नाही.

म्हणून ५६०० आणि बी५५० बोर्ड, रॅम ८-८ च्या दोन स्टिक, ३२०० किंवा ३६०० स्पीडच्या. एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनेल चालते, म्हणजे बँडविड्थ निम्मी. व्हॅलोरंटचा भार प्रोसेसरवर असतो, तिथे ते लगेच दिसतं. कार्डात आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी बसत असेल तर तेच घ्या, त्याला पूर्ण १६ लेन आहेत. ब्लेंडर रोजचं असतं तर एनव्हिडियाच सांगितलं असतं, रेंडरला ते पुढे आहे. अधूनमधून असेल तर मेमरी महत्त्वाची.

मॉनिटर ७५ हर्ट्झचा नको. एवढं कार्ड घेऊन ७५ वर खेळणं म्हणजे पैसे पाण्यात. २४ इंची, १०८० पी, आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्झ.

नेरूळ_पूर्व

प्रोसेसरवर सहमत, सॉकेटवर नाही. ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटला आता प्रोसेसरची नवी पिढी येणार नाही. रायझन ५ ७६०० आणि बी६५० घेतलं तर एएम५ मिळतो आणि त्याला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देणार असं एएमडीनं जाहीर केलंय. शिवाय ७६०० मध्ये जुजबी का होईना ग्राफिक्स आहे. कार्ड वॉरंटीला गेलं तरी पीसी चालू राहतो.

वागळे_इस्टेट

मुद्दा बरोबर आहे, पण ८५ हजारांत मॉनिटरही आहे. बोर्ड आणि डीडीआर ५ वर जास्त जाणारे पैसे शेवटी कार्डातूनच कापले जातील. तीन-चार वर्षं प्रोसेसरला हात लावायचा नसेल तर ५६००. बजेट आणखी १० ते १२ हजार वाढत असेल तर ७६००. रॅमचे भाव मात्र त्या दिवशीचे बघूनच ठरवा.

ऐरोली_सेक्टर

एसएमपीएसकडे कुणी बघितलंच नाही! कॅबिनेटसोबत येतो तो ५०० वॉटचा असं नुसतं लिहिलेलं असतं. लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते वाचा. अँपियर गुणिले १२, तेवढे वॉट प्रोसेसर आणि कार्डाला मिळतात. खऱ्या ५०० वॉटच्या सप्लायवर तिथे ४० च्या आसपास आकडा दिसतो. १६-१८ दिसले तर तो माल २०० वॉटचा समजा.

तुमचा हिशोब सोपा आहे. ९०६० एक्सटी कार्ड १६० वॉट, ५६०० प्रोसेसर ७६ पर्यंत, बाकी पंखे, बोर्ड, एसएसडी धरून ३०० च्या आत. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉट, ८० प्लस ब्रॉंझ (कार्यक्षमतेचा दर्जा) भरपूर झाला. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर दुसऱ्या सप्लायची केबल त्याला कधीही लावू नका. प्लग अगदी तसाच बसतो, आतल्या वायरींचा क्रम वेगळा असतो आणि एसएसडी किंवा बोर्ड जळतो.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, काचेचं नको. पुढे दोन १२० मिमी पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या खोलीत ३५ अंशांची हवाच आत जाते, काचेमागे ती कोंडून राहते. घोडबंदरच्या बाजूला बांधकामाची धूळ आहे, म्हणून पुढचा फिल्टर दर महिन्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावा. आणि टेबल खिडकीपासून हलवा, पावसाची झड थेट कॅबिनेटवर येईल.

सीवूड्स_स्टेशन

खरेदीचं. लॅमिंग्टन रोडला जायचं तर ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दोन-तीन दुकानांत एकच यादी दाखवून भाव घ्या. बिल जीएसटीचं, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहिलेला. प्रोसेसर बॉक्स पॅकच मागा: कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी आणि ५६०० सोबत कूलर मिळतो. ट्रे पीस (खोक्याविना सुटा प्रोसेसर) स्वस्त दिसतो, त्यात या दोन्ही गोष्टी नसतात. ऑनलाइन मागवलंत तर पार्सलचं लेबल दिसेल असं धरून, न थांबवता उघडतानाचा व्हिडिओ काढा.

एसएसडी १ टीबी घ्या. सायबरपंक आणि फोर्झा मिळून दोनशे जीबीच्या जवळ जातात, त्यात विंडोज. ५१२ मध्ये दम लागेल.

वागळे_इस्टेट

जोडणीत बहुतेकांचं घोडं कूलरवर अडतं. ५६०० चा कूलर चार स्क्रूंवर बसतो, पण बोर्डावर आधीच प्लास्टिकच्या दोन पट्ट्या असतात. त्या काढायला स्क्रू सोडवले की मागची धातूची प्लेट सुटून खाली पडते. बोर्डामागे एक हात धरून ठेवा आणि चारही स्क्रू आडवे-तिरपे, थोडे थोडे फिरवत आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर कूलर तिरका बसतो. पेस्ट लावूनच येते. बसवलेला कूलर उचलला तर जुनी पुसून नवी लावावी लागते.

प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा. तो आपल्या वजनानं आत जातो, दाबू नका. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, एक वाकली की काम वाढलं.

सगळं कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवून बघा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची पॉवर केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात, ती ४+४ पिनची, कार्डाची ६+२. या दोन सारख्या दिसतात पण वेगळ्या आहेत. डिस्प्ले केबल कार्डात लावा. ५६०० ला ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच दिसणार नाही.

चालू झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या पूर्ण वेगाचं सेटिंग, लावा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळते. व्हॅलोरंटसाठी विंडोज टाकण्याआधीच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, एफटीपीएम (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट चालू करा. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला (व्हॅलोरंटचं चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) शेवटच्या दोन्ही गोष्टी लागतात, नसतील तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ एरर येतो. जुन्या पद्धतीनं, एमबीआर (जुनी विभागणी) डिस्कवर विंडोज टाकलं असेल तर सिक्युअर बूट लावल्यावर पीसी बूटच होत नाही. शेवटी विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा, तो बहुतेक वेळा ६० वरच असतो.

मानपाडा_नाका

मनापासून आभार. ५६००, बी५५०, ८-८ रॅम, ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी, ५५० ब्रॉंझ हे ठरलं. एकच राहिलं: पावसात लाईट सारखी जाते. ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल? इमारत जुनी आहे, अर्थिंगचा भरवसा नाही.

ऐरोली_सेक्टर

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. गेम चालू असताना मॉनिटर धरून तुम्ही ३०० च्या वर जाल आणि लाईट जाताक्षणीच तो ओव्हरलोडनं बंद पडू शकतो. ११०० व्हीए घ्या, ६६० वॉटच्या आसपास मिळतात, गेम सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो.

अर्थिंग वायरमनकडून मल्टिमीटरनं तपासून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १०० च्या आगेमागे हलत राहिलं तर अर्थ लागलेलंच नाही. अशा वेळी एसएमपीएसच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर अंदाजे निम्मा व्होल्टेज येतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. त्यावर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे असतात, ते अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर उभे राहतात. अर्थची वायर मीटर रूमपासूनच ओढून घ्या, आणि सोसायटीला सांगून तिथलं मुख्य अर्थिंगही तपासून घ्या.