हार्ड रॉक ऱ्हिदमला हाय आउटपुट पिकअप लागतोच कशाला?

क्रंचवाला_पुणे:
आमच्या जॅमरूममध्ये एक नवीन पोरगा यायला लागलाय, हात चांगलाय त्याचा, लेस पॉल टाइपची मध्यम किमतीची गिटार आहे आणि आता त्याला ब्रिजचा (तारा जिथे अडकतात त्या टोकाजवळचा) पिकअप, म्हणजे तारेची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बदलायचाय. वाजवायचं काय तर हार्ड रॉक, तेही जास्त करून ऱ्हिदम. आणि जो भेटेल तो त्याला एकच सांगतोय की सिरॅमिक मॅग्नेटवाला घे, किलोओहमचा (कॉइलच्या रेझिस्टन्सचा) आकडा जेवढा मोठा तेवढा भारी. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो, ज्यांना पटणार नाही त्यांनी बिनधास्त लिहा.

ऱ्हिदम म्हणजे कॉर्ड. पाच-सहा तारा एकदम वाजणार आणि त्यातली प्रत्येक ऐकू यायला पाहिजे. पिकअप खूप गरम, म्हणजे जास्त आउटपुटचा, असला की तो अँपचा पहिला स्टेजच भरून टाकतो, मग तुम्ही पिक जोरात मारा नाहीतर हळू मारा, बाहेर येणारा आवाज तेवढाच. नुसत्या पॉवर कॉर्ड वाजवल्या तर कळत नाही, पण ओपन ए किंवा डी मारून बघा, मेजर थर्ड (कॉर्डमधला तिसरा सूर, जो पॉवर कॉर्डमध्ये नसतो) आला की सगळी खिचडी होते.

माल्कम यंग बघा. एसी/डीसीचं ऱ्हिदम म्हणजे या प्रकाराचा मापदंड, यावर कुणी भांडणार नाही. त्याच्याकडे काय होतं, १९६३ची ग्रेच जेट फायरबर्ड, बाकी सगळं काढून टाकून एकच पिकअप ब्रिजला ठेवलेला, तो फिल्टरट्रॉन. जुन्या फिल्टरट्रॉनचा डीसी रेझिस्टन्स असतो चारेक किलोओहम! आजकाल लोक ज्याला 'वीक' म्हणून हात लावत नाहीत त्याच्याही निम्मा. तारा मात्र १२ ते ५६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), जाडजूड, आणि मार्शल अँपचा गेन (आवाज फाटायचं प्रमाण) लोकांना वाटतो त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. त्या आवाजातला जोर उजव्या हातातून आणि स्पीकरमधून येतो. एडी व्हॅन हेलनच्या फ्रँकेनस्टाइन गिटारमध्येसुद्धा गिब्सनच्या ईएस-३३५ मधून काढलेला जुना पीएएफ (गिब्सनचा सुरुवातीचा हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप) होता, फक्त मेणात बुडवलेला, जास्त व्हॉल्युमला शिट्टी मारू नये म्हणून.

आणि ते किलोओहमचं वेड. सेमूर डंकन कंपनीचा '५९' पिकअप आठेक किलोओहमचा आणि 'जेबी' सोळाच्या वर, म्हणजे जेबी दुप्पट ताकदीचा असा अर्थ होत नाही. जेबीची तार बारीक असते आणि बारीक तारेला तेवढ्याच लांबीत रेझिस्टन्स जास्त येतो, झालं. मॅग्नेट कुठला, वेढे किती, इंडक्टन्स किती, हे त्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही.

तर माझं मत, अल्निको ५ (मॅग्नेटचा एक प्रकार), आठ-नऊ किलोओहमच्या आसपासचा पीएएफ पद्धतीचा हमबकर घ्या आणि गेन अँपमधून काढा.

ड्रॉप_डी_डोंबिवली:
दादा, माल्कम यंगचं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी त्याच्या पाठीमागे काय होतं ते कुणी सांगत नाही. शंभर वॉटचे मार्शल, स्टेजवर भिंतीसारखे लावलेले, व्हॉल्युम वर. तिथे पॉवर अँपच ताणला जातो त्यामुळे कमी आउटपुटचा पिकअपही डोंगर हलवतो. आपल्याकडे कोण वाजवतं तसं? इथे वन बीएचकेमध्ये रात्री नऊनंतर पंधरा वॉटचा प्रॅक्टिस अँप दोनवर ठेवून वाजवतात, वर खालचे काका बेल वाजवतात ते वेगळंच. त्या व्हॉल्युमला '५९' पातळ वाटतो, पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून) मारला तर धप्प आवाज येतो, दम नाही.

डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप १९७२मध्ये आला तो नेमका यासाठीच आला ना, सिरॅमिक मॅग्नेट, तेरा-चौदा किलोओहम, अँपचा पुढचा स्टेज ढकलायचा म्हणून. किसचा एस फ्रेली तो वापरायचा. म्हणजे हार्ड रॉकच्या ऐन भरातच लोकांना जास्त आउटपुट हवं होतं, हे काही नंतर मेटलवाल्यांनी आणलेलं फॅड नाही.

दुसरं म्हणजे टाइटनेस. सिरॅमिकचा बेस आखूड आणि घट्ट असतो, सोडला की थांबतो. वेगात डाउनपिकिंग (पिक फक्त खालच्या दिशेने मारणं) करताना हे सगळ्यात महत्त्वाचं. मेटालिकाचा जेम्स हेटफिल्ड वर्षानुवर्षं ब्रिजला ईएमजी ८१ (अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा पिकअप) ठेवायचा, त्याला क्लॅरिटी कळत नाही असं म्हणायचंय का? आणि अ‍ॅक्टिव्ह पिकअप शांत असतात हो, आपल्याकडच्या जॅमरूममध्ये अर्थिंगच धड नसतं, पॅसिव्हवर गेन वाढवला की गाणं थांबल्यावर नुसती घुंईईई.

सोल्डरिंगकाका:
अर्थिंगचा विषय निघाला म्हणून बोलतो, कारण गिटार दुरुस्तीला येतात त्यातल्या कितीतरी जणांना हेच वाटत असतं. हमबकर ५० हर्ट्झचा जो हम कापतो तो हवेतून येणारा, ट्रान्सफॉर्मर, वायरिंग यांच्या चुंबकीय क्षेत्राचा. दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या आणि मॅग्नेटची दिशाही उलट, त्यामुळे हम एकमेकांत मरतो आणि तारेचा सिग्नल जोडला जातो. १९५५ साली गिब्सनमध्ये सेथ लव्हरने हेच केलं. पण घरात अर्थिंगच नसेल तर जी गुणगुण येते, तारेला हात लावला की थांबते ती, ती वेगळी. तिला पिकअप बदलून पूर्ण उत्तर मिळत नाही. ईएमजीने फरक पडतो, त्याला तारा ग्राउंड कराव्या लागत नाहीत आणि आतलं शील्डिंग चांगलं असतं हे खरं, पण आधी त्या खोलीचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जिवाचा प्रश्न आहे, गिटार हातात आणि ओठ माइकला लावून तर मुळीच हयगय नको.

आता पिकअपबद्दल. नवीन घ्यायच्या आधी त्या मुलाला सांगा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि ब्रिज पिकअपच्या पोलपीसपासून (तारेखालचे धातूचे खिळे किंवा स्क्रू) अंतर मोजायचं. दीड-दोन मिलिमीटर असेल तर ठीक. बऱ्याच गिटारचे पिकअप एक तर पार खाली गेलेले असतात नाहीतर तारेला टेकलेले. स्क्रूड्रायव्हरच्या दोन फेऱ्यांत आवाज इतका बदलतो की काही जण तिथेच थांबतात. मग मागचं झाकण उघडून पॉट (व्हॉल्युम-टोनच्या नॉबखालचे भाग) बघायचे. हमबकरला साधारण ५०० के (किलोओहम) लावतात, मध्यम किमतीच्या गिटारमध्ये कधी कधी २५० के सापडतात आणि त्याने वरचा धारदार भाग गिळला जातो. लोक मग 'पिकअप मडी (गढूळ) आहे' म्हणून नवीन आणतात आणि त्याच पॉटवर जोडतात.

क्रंचवाला_पुणे:
काका, उंचीचं अगदी बरोबर, ते आजच त्याला करायला सांगतो.

@ड्रॉप_डी, घरच्या व्हॉल्युमचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय पिकअप नाही. गिटार आणि अँपच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर टाइपचं पेडल टाक, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल फुल्ल. ते पेडल खालचा बेस कापतं, मिड पुढे काढतं आणि अँपला ढकलतं, म्हणजे तू जे सिरॅमिककडून मागतोयस तेच. फरक एवढाच की पेडलवर पाय दिला की ते बंद होतं. गरम पिकअप बंद कसा करणार? क्लीन व्हर्स आला, ब्रिजवर आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) वाजवायचाय, तिथे तो अडतो. आणि आता तर निम्मी मंडळी इंटरफेस लावून अँप सिम्युलेटरवर वाजवतात, तिथे माउसने गेन वाढतो, पिकअपने अँप ढकलायचा प्रश्नच कुठे उरला.

ड्रॉप_डी_डोंबिवली:
गरम पिकअप बंद कसा करणार? व्हॉल्युम नॉबने! दहावरून सहावर आणायचा. हार्ड रॉकवाले पूर्वीपासून हेच करत आलेत, एक चॅनलचा अँप आणि करंगळी नॉबवर. पॅसिव्हमध्ये व्हॉल्युम कमी केला की ट्रेबल पडतो हे मला माहितीये, त्यासाठी पॉटवर छोटा कपॅसिटर लावतात, ट्रेबल ब्लीड. आणि ईएमजीत तर आतच प्रीअँप आहे, पॉट २५ के, तिथे ट्रेबल पडायची भानगडच नाही. लांब केबल लावा तरी आवाज तोच. नऊ व्होल्टची बॅटरी महिनोन्महिने जाते, फक्त वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवायचा.

पेडलवर मी आणखी एक पॉवर सप्लाय, आणखी एक पॅच केबल, आणखी एक नॉइजचं ठिकाण का वाढवू? जो आवाज मला सेटमधल्या बहुतेक गाण्यांत लागतो तो गिटारमधूनच निघाला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिक_सिक्सस्ट्रिंग:
तुम्ही दोघं हमबकरच धरून बसलाय. पी-९० (गिब्सनचा सिंगल कॉइल पिकअप) चा विचार करा की. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची जुनी एसजी आठवा, ब्रिजला सिंगल कॉइल, आणि त्याच्याइतका जड आवाज कुणाचा होता त्या काळी. हम येतो, तो सहन करावा लागतो, पण पिकचा जो खरखरीत दात ऐकू येतो ना तो हमबकरला येत नाही. हमबकरच्या मापात बनवलेले पी-९० मिळतात, लाकूड कोरावं लागत नाही.

मिक्सवाली_ठाणे:
मी बँडचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते त्यामुळे माझ्या बाजूने लिहिते. पोरं येतात, ब्रिजला गरम पिकअप, अँपचा गेन आठवर, एकटी गिटार ऐकली की प्रचंड वाटते. मग आपण तेच डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा वाजवून घेतो, कारण हार्ड रॉक ऱ्हिदम डबल ट्रॅकच करतात, आणि ड्रम आणि बेस चालू केले की गिटार गायब. सगळी दाबलेली, पिकचा ठोकाच नाही, सिंबलशी भांडणारी नुसती फुसफुस. गेन निम्मा करायला सांगते तेव्हा तोंडं वाकडी होतात, पण दोन ट्रॅक एकत्र ऐकवले की कळतं, कमी गेनचे दोन ट्रॅक जास्त मोठे वाटतात. या बाबतीत मी क्रंचवाल्या दादांच्या बाजूची.

पण दादा, पीएएफ टाइप सगळ्यांना जमतो असं नका सांगू. तो हात उघडा पाडतो. ज्याचं डाउनपिकिंग एकसारखं नाही त्याच्या प्रत्येक पाम म्यूटचा आवाज वेगळा येतो आणि मग एडिटिंगला मी बसते. नवीन मुलाला मधला काहीतरी द्या. डंकनच्या कस्टममध्ये सिरॅमिक असतं, तेच वाइंडिंग अल्निको ५ वर घेतलं की 'कस्टम ५' होतो, चौदाच्या आसपास किलोओहम, मिड थोडे मागे आणि बेस भरलेला. बॅंडमध्ये दुसरी गिटार कुठली आहे हेही विचारा. दोघांनीही जेबी लावला तर दोघांचे अप्पर मिड एकाच जागी येऊन बसतात, मग कितीही ईक्यू करा.

क्रंचवाला_पुणे:
दुसऱ्या गिटारला जेबीच आहे आमच्याकडे. ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, त्याच कारणाने मी अजून ठामपणे म्हणतो की याला मिड कमी असलेला आणि मोकळा '५९'च बसेल, एक जाड आणि एक उघडा, दोन्ही ऐकू येतील. हात उघडा पडतो म्हणाल तर पडू दे, ऱ्हिदम वाजवायचंय तर तो हात बसलाच पाहिजे, कॉम्प्रेशनच्या आड लपून किती दिवस काढणार.

ड्रॉप_डी_डोंबिवली:
ट्यूनिंग काय त्याचं? हे कुणी विचारलंच नाही. स्टँडर्ड ई किंवा अर्धा सूर खाली असेल तर ताईंचा कस्टम ५ मला चालेल, '५९' तरीही नाही. पण ड्रॉप सी (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग) वगैरेला जाणार असेल तर '५९'चा बेस सैल पडतो, खालची तार भोंगळ वाटते, तिथे मी सिरॅमिकवरून हटणार नाही.

क्रंचवाला_पुणे:
अर्धा सूर खाली, तारा १० ते ४६. आधी ११ चा सेट लावायला सांगणार आहे.

सोल्डरिंगकाका:
काहीही घ्या, ऑर्डर करायच्या आधी दोन मापं घ्या. एक, ब्रिजपाशी पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर, कारण पोलपीसची रुंदी दोन प्रकारांत येते, जवळपास ५० आणि जवळपास ५३ मिलिमीटर. दुसरं, पिकअपखालच्या खड्ड्याची खोली. लांब पायांचा पिकअप उथळ खड्ड्यात टेकतो आणि मग खाली जातच नाही. आणि जोडताना रंग अंदाजाने लावू नका. डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची तार), हिरवी उघड्या तारेसोबत ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड, काळी-पांढरी एकत्र. नेक पिकअप जुनाच राहणार असेल तर दोन्ही एकदम चालू करून ऐका, आवाज पातळ आणि नाकातला आला तर फेज उलटी आहे, मग नव्या पिकअपच्या हॉट आणि हिरवी या दोन तारांची अदलाबदल करा, उघडी तार मात्र ग्राउंडलाच ठेवा.