नाक फुटलं तरी 'अपघात' नाही?

विंगटिप: मे २०२५ ला दिल्ली-श्रीनगर विमानाचं नाक गारांनी फुटलं, आणि काल इथे एकाने लिहिलं की असं नुकसान अपघातात न धरणारा नियम म्हणजे निव्वळ दडपादडपी. अहो, ॲनेक्स १३, म्हणजे विमान अपघाताच्या चौकशीचे आंतरराष्ट्रीय नियम, वाचा तरी! विमानाच्या मजबुतीवर किंवा उडण्यावर परिणाम झाला आणि मोठी दुरुस्ती लागली की अपघात. एकाच इंजिनापुरतं नुकसान, पंखाचं टोक, टायर, गारांनी रेडोमला (नाकावरच्या रडारच्या टोपीला) पडलेलं भोक हे वगळलंय. पण सिरियस इन्सिडंट, म्हणजे अपघात थोडक्यात टळला असा प्रसंग असला तरी एएआयबी, आपली सरकारी विमान अपघात चौकशी संस्था, चौकशी करतेच की.

कोकणकडा: आणि दुरुस्ती मोठी की किरकोळ हे आधी ठरवणार कोण, ज्याचं विमान तोच ना? १९७८ ला ओसाकात जपान एअरलाइन्सच्या जंबोची शेपटी घासली, दुरुस्ती चुकली, १९८५ ला तेच विमान पडून ५२० माणसं गेली. चायना एअरलाइन्सचं १९८० ला हाँगकाँगला तेच, २००२ ला हवेत तुकडे, २२५ गेले.

विंगटिप: ओसाकाचं कुणी लपवलं नव्हतं, खुद्द बोइंगच्या माणसांनी दुरुस्त केलं होतं. चूक पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळीत होती, 'अपघात' म्हणण्या-न म्हणण्यात नाही!

रॅम्पवाला: तुमचं नाव-गाव चालू दे. सहा वर्षं रॅम्पवर, विमानं उभी राहतात तिथे, काढलीत. पहाटे तीन, धो धो पाऊस, आमच्या पोराच्या बेल्ट लोडरची (सामान चढवायच्या पट्ट्याच्या गाडीची) कड विमानाच्या कार्गो डोअरजवळ लागली. विमानात कुणी चढलंच नव्हतं, म्हणजे उड्डाणासाठी कुणी चढल्यानंतरचंच धरणाऱ्या तुमच्या व्याख्येत ते बसतच नाही. सुपरवायझर म्हणाला दिसत नाहीये, सोड. पोराने तरी इंजिनिअरला सांगितलं, फ्लाइट दोन तास थांबली, पुढच्या महिन्यात त्याचा विमानतळात शिरायचा पास रिन्यू झाला नाही.

कोकणकडा: हेच! कंत्राटी माणसाच्या पोटावर पाय दिल्यावर कोण तोंड उघडेल? माझा भाऊ तीन वर्षं असाच अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर...

विंगटिप: धागा नोकरीचा नाहीये!!

रॅम्पवाला: नोकरीचाच आहे साहेब. बोइंग ७८७ ची बॉडी कार्बनची, मार लागला तर वरून कधी कधी काही दिसत नाही, आतले थर सुटलेले असतात. लावणाऱ्यानेच सांगितलं नाही तर तुमचा ॲनेक्स कुठून सुरू होणार?

विंगटिप: बरं, ते पटलं. दडपादडपी रॅम्पवर होते, मान्य. पण गारांच्या भोकाला अपघात म्हणा हे मी अजूनही म्हणणार नाही.

रॅम्पवाला: नका म्हणू. त्या पोराने ओल्या पत्र्यावर हात फिरवला म्हणून पोचा लागला हाताला, टॉर्चमध्ये दिसतच नव्हता. आता तो टेम्पो चालवतो.